शिसेविरहित पेट्रोल आणि १९५९ ची मॉरिस मायनर : हेड उतरवून व्हॉल्व्हच्या सीट बदलाव्यात का?

मंदगती यांचा प्रश्न

सर्व सभासदांना नमस्कार. माझ्याकडे १९५९ ची मॉरिस मायनर १००० आहे. इंजिन मूळचेच, म्हणजे ए-सिरीजचे ९४८ सीसीचे आहे. हेड, म्हणजे सिलिंडरांवरचे व्हॉल्व्ह असलेले झाकण, बिडाचे असून ते पूर्वी कधी उघडले गेल्याची नोंद माझ्याकडे आलेल्या कागदपत्रांत नाही. गाडी बरीच वर्षे उभी होती. आता ब्रेक, वायरिंग आणि रेडिएटरची कामे पूर्ण झाली आहेत, इंजिन सहज सुरू होते, चारही सिलिंडरांचे कॉम्प्रेशन जवळजवळ सारखे भरते आणि धूर अजिबात नाही.

अडचण इंधनाची आहे. ही गाडी बनली तेव्हा पेट्रोलमध्ये शिसे असे आणि आताच्या पेट्रोलमध्ये ते नसते. एका जाणत्या मेकॅनिकने सांगितले की हेड ताबडतोब उतरवून एक्झॉस्टच्या बाजूला कडक धातूच्या सीट (व्हॉल्व्ह बंद होताना ज्या गोल कडेवर टेकतो त्या) बसवून घ्या, नाहीतर व्हॉल्व्ह जळतील. दुसऱ्याच्या मते ही निव्वळ भीती आहे आणि कोणतेही पेट्रोल भरून गाडी खुशाल चालवावी. तिसऱ्याने टाकीत कथलाच्या गोळ्या टाकण्याचा उपाय सुचवला. तिघांचाही अनुभव दांडगा आहे, त्यामुळे कोणाचे ऐकावे हे ठरत नाही.

माझा वापर बेताचा आहे. बहुतेक फेऱ्या जवळच्या असतात आणि अधूनमधून मोठ्या रस्त्यावर ताशी ७०-८० किलोमीटर वेगाने तासभर गाडी चालते. आवश्यक असेल तर काम करून घेण्याची माझी तयारी आहे. परंतु चांगले चालणारे इंजिन केवळ धास्तीपोटी उघडणे मनाला पटत नाही. शिसे नसल्याने नेमके काय बिघडते आणि ते बिघडत आहे हे हेड न उघडता ओळखता येते का, हे कृपया समजावून सांगावे.

धातुवेध यांचे उत्तर

आपल्याला मिळालेल्या सल्ल्यांचा मेळ बसत नाही, कारण शिशाची दोन निरनिराळी कामे त्यांत एकत्र कालवली गेली आहेत. पहिले काम ऑक्टेन, म्हणजे पेट्रोलची नॉकिंग (मिश्रण अवेळी भडकून होणारी खणखण) रोखण्याची क्षमता, वाढवण्याचे. जनरल मोटर्समध्ये काम करणाऱ्या थॉमस मिजली यांना डिसेंबर १९२१ मध्ये टेट्राएथिल लेड या द्रवाने इंजिनाचे नॉकिंग थांबते असे आढळले आणि १९२३ पासून ते पेट्रोलमध्ये मिसळून विकले जाऊ लागले. दुसरे काम कोणीही योजलेले नव्हते, ते आपोआप पदरात पडले. जळलेल्या शिशाची संयुगे एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीटवर अतिशय पातळ थराच्या रूपाने बसत आणि दोन तापलेल्या धातूंमध्ये कोरड्या वंगणाचे काम करीत. आपला प्रश्न या दुसऱ्या कामाविषयी आहे. ऑक्टेनचा विषय वेगळा ठेवावा, त्यावर दुसरे कोणीतरी लिहितीलच.

एक्झॉस्ट व्हॉल्व्हचे डोके पूर्ण भारावर सातशे अंश सेल्सियसच्या आसपास तापते आणि ते मिनिटाला हजारोंनी नसले तरी शेकड्यांनी नक्कीच सीटवर आपटते. सीट जर बिडाच्या हेडमध्येच कापलेली असेल आणि ती कठीण केलेली नसेल, तर त्या तापमानाला दोन्ही पृष्ठभागांवरील सूक्ष्म उंचवटे एकमेकांना क्षणभर चिकटतात आणि व्हॉल्व्ह उघडताना फाटून निघतात. निघालेले कण, विशेषतः लोहाच्या ऑक्साइडचे, व्हॉल्व्हच्या तोंडात रुतून बसतात. व्हॉल्व्ह चालताना थोडा थोडा फिरत असतो, त्यामुळे ते तोंड मग कानशीसारखे सीटला खात जाते आणि व्हॉल्व्ह हेडमध्ये हळूहळू खचत जातो. शिशाचा थर असताना हे चिकटणेच होत नसे आणि त्यासाठी पेट्रोलमध्ये फार थोडे शिसे पुरत असे. इनलेट व्हॉल्व्ह ताज्या मिश्रणामुळे बराच थंड राहतो, म्हणून त्याच्या बाबतीत हा त्रास सहसा दिसत नाही.

आता महत्त्वाची गोष्ट म्हणजे ही झीज सर्व परिस्थितीत सारख्या वेगाने होत नाही. ती ठरते सीटच्या तापमानावर, आणि तापमान ठरते भार व इंजिनाच्या फेऱ्यांवर. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने आणि कृषी खात्याने १९८० च्या दशकात ट्रॅक्टरांच्या जुन्या इंजिनांवर चाचण्या करवल्या होत्या. शिसेविरहित पेट्रोलवर सतत जड भार आणि जास्त फेऱ्यांनी चालणाऱ्या इंजिनांच्या सीट खचल्या, हलक्या कामाच्या इंजिनांना फारसा धोका आढळला नाही. मोटारींच्या बाबतीतही सर्वसाधारण अनुभव हाच आहे. तासन्‌तास वेगात पळवलेली बिडाच्या हेडची गाडी काही हजार किलोमीटरांत त्रास देऊ शकते, तर तीच गाडी शांतपणे चालवली तर वर्षानुवर्षे काहीच होत नाही. त्यामुळे ‘नाहीतर व्हॉल्व्ह जळतील’ आणि ‘खुशाल चालवा’ ही दोन्ही विधाने करणारे आपापल्या ग्राहकांच्या बाबतीत खरे बोलत असतील.

शिवाय पूर्वी शिशाच्या पेट्रोलवर भरपूर चाललेल्या इंजिनात सीटवर साठलेला थर लगेच नाहीसा होत नाही. पेट्रोल बदलल्यावरही तो काही काळ संरक्षण देतो. आपले हेड कधी उघडले गेले नसेल तर तो थर अजून शिल्लक असण्याची शक्यता आहे, आणि केवळ ‘सीट जरा साफ करून घेऊ’ म्हणून हेड उतरवून ग्राइंडिंग केले तर तो आपण स्वतःच्या हाताने काढून टाकू. चांगल्या सीटला उगाच दगड लावण्याच्या मी पूर्णपणे विरोधात आहे.

हेड न उघडता ओळखण्याचा मार्ग आहे आणि तो अगदी साधा आहे. व्हॉल्व्ह हेडमध्ये खचला की त्याची दांडी वर रॉकरकडे, म्हणजे व्हॉल्व्ह दाबून उघडणाऱ्या तरफेकडे, सरकते आणि त्या दोघांमधली फट, म्हणजे टॅपेटचा गॅप, कमी होतो. रॉकर, पुशरॉड, कॅम यांच्या नेहमीच्या झिजेने गॅप वाढतो. म्हणून एक्झॉस्टचा गॅप प्रत्येक वेळी कमी कमी भरू लागला, तर सीट खचत आहे असे समजावे. आपल्या इंजिनाला थंड असताना ०.०१२ इंच, म्हणजे सुमारे ०.३ मिलीमीटर गॅप लागतो. तो आज मोजून आठही व्हॉल्व्हचे आकडे वहीत लिहा आणि दर दोन हजार किलोमीटरनंतर पुन्हा मोजा. एकदा गॅप संपला की व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही, तापलेला वायू फटीतून निसटतो आणि व्हॉल्व्ह जळतो; पण तिथवर पोहोचण्याआधी वही आपल्याला पुष्कळ आधी सांगते.

कातकाम यांचे उत्तर

धातुवेध यांच्या विवेचनाशी मी सहमत आहे. फक्त एका मुद्द्यावर माझे मत थोडे वेगळे आहे, कारण ही हेड माझ्या यंत्रावर येतात तेव्हा ती ज्या स्थितीत असतात ती मला दिसते. गॅस्केट, तडा किंवा मार्गदर्शक नळ्या, म्हणजे ज्यांना आपण व्हॉल्व्ह गाइड म्हणतो त्या, यांपैकी कोणत्याही कारणाने हेड उतरवावेच लागले, तर त्याच वेळी एक्झॉस्टच्या चारही सीट कडक बसवून घ्याव्यात. मजुरीचा मोठा भाग हेड उतरवण्या-चढवण्यात आणि तपासण्यात जातो. तो एकदा झाल्यावर सीटचे काम पुढे ढकलण्यात शहाणपण नाही. केवळ सीटसाठी मात्र चांगले इंजिन उघडू नये.

हे काम कसे होते हे गाडीच्या मालकाला माहीत असलेले बरे. जुनी सीट असलेल्या जागी हेडमध्ये अचूक मापाचा गोल खाचा कापला जातो आणि त्यात कठीण मिश्रधातूचे कडे ठोकून बसवले जाते. कडे खाचेपेक्षा किंचित मोठे ठेवतात, सुमारे ०.०८ ते ०.१ मिलीमीटरने. हेड गरम करून आणि कडे थंड करून ते बसवले की दोन्ही सारख्या तापमानाला आल्यावर घट्ट आवळले जातात. माप सैल राहिले तर कडे चालत्या इंजिनात सुटते आणि मग पिस्टन, हेड, कधीकधी ब्लॉकसुद्धा जातो. मूळची मऊ सीट कितीही खचली तरी असा घात करीत नाही. अर्धवट केलेले सीटचे काम हे न केलेल्या कामापेक्षा अधिक धोकादायक असते असे माझे स्पष्ट मत आहे, आणि म्हणूनच ज्याच्याकडे योग्य यंत्र नाही अशा ठिकाणी केवळ स्वस्त पडते म्हणून हेड देऊ नये.

ए-सिरीजच्या हेडमध्ये आणखी एक अडचण आहे. दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरचे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह मध्यभागी शेजारी शेजारी असून दोघांना मिळून एकच मार्ग आहे. हेडचा सर्वांत तापणारा भाग हाच. खाचा गरजेपेक्षा खोल गेला तर कटर पाण्याच्या पोकळीत उतरतो आणि हेड निकामी होते. काम देण्यापूर्वी हेडची तड्यांसाठी चुंबकीय कणांची किंवा दाबाची चाचणी करून घ्यावी. तडा निघाला तर सीटचा खर्च वाया जाणार नाही.

सीटबरोबर व्हॉल्व्हही पाहावेत. कडक सीटवर जुना मऊ व्हॉल्व्ह बसवणे म्हणजे झीज एका भागावरून दुसऱ्यावर ढकलणे आहे. क्रोमियम जास्त असलेल्या ऑस्टेनिटिक पोलादाचे किंवा तोंडावर स्टेलाइट हा कठीण मिश्रधातू चढवलेले एक्झॉस्ट व्हॉल्व्ह मिळतात, ते घ्यावेत. सीटची रुंदी एक्झॉस्टला फार कमी ठेवू नये, कारण व्हॉल्व्हची उष्णता मुख्यतः याच रुंदीतून हेडमध्ये जाते. शर्यतीच्या गाड्यांचे पाहून अरुंद सीट कापणारे कारागीर आहेत, त्यांना आधीच सांगून ठेवावे. इनलेटच्या मूळ सीटला हात लावण्याचे कारण नाही.

ज्यांच्याकडे अ‍ॅल्युमिनियमच्या हेडची जुनी गाडी आहे त्यांच्यासाठी एक खुलासा. अ‍ॅल्युमिनियम इतके मऊ असते की त्या हेडमध्ये सुरुवातीपासून वेगळी कडी बसवावीच लागत, आणि ती बहुधा शिसेविरहित पेट्रोल सोसण्याइतकी कठीण असतात. क्वचित जुन्या हेडमध्ये मऊ कडीही आढळतात, त्यामुळे वर सांगितलेली वही त्यांनीही ठेवायला हरकत नाही.

ठिणगी यांचे उत्तर

ऑक्टेनचा विषय धातुवेध यांनी बाजूला ठेवला, तो मी घेतो. आपल्या इंजिनाचे दोन प्रकार निघाले होते, एक ७.२ कॉम्प्रेशन रेशोचा (म्हणजे सिलिंडरातले मिश्रण जितके पट दाबले जाते त्या प्रमाणाचा) आणि दुसरा ८.३ चा. कोणता आहे ते इंजिन क्रमांकाच्या आधीच्या अक्षरांवरून कळते. ७.२ असेल तर ऑक्टेनची चिंता सोडून द्यावी. ८.३ असेल तरी ९५ रिसर्च ऑक्टेनचे पेट्रोल सहसा पुरते. नऊच्या वर रेशो असलेल्या जुन्या वेगवान गाड्यांना मात्र ९७ किंवा त्याहून अधिक ऑक्टेनचे पेट्रोल लागते. पंपावरील आकडे वाचताना एक गोष्ट लक्षात ठेवावी की अमेरिकेत पंपावर रिसर्च आणि मोटर या दोन पद्धतींनी मोजलेल्या ऑक्टेनची सरासरी लिहितात, त्यामुळे तिथला ८७ म्हणजे इतरत्र साधारण ९१-९२ होतो. परदेशी लेखांतील आकडे जसेच्या तसे उचलल्याने पुष्कळ गोंधळ झालेला मी पाहिला आहे.

चढावर तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर धातूवर धातू आपटल्यासारखा बारीक खणखण आवाज आला, तर ते नॉकिंग समजावे आणि डिस्ट्रिब्यूटर फिरवून टायमिंग, म्हणजे प्लगची ठिणगी पडण्याची वेळ, दोन-तीन अंश मागे घ्यावे. त्याहून जास्त मागे घेऊ नये. टायमिंग फार मागे गेले की मिश्रण उशिरापर्यंत जळत राहते, एक्झॉस्टचा वायू अधिक तापतो आणि ज्या सीटची आपण काळजी करीत आहोत तीच अधिक भाजून निघते. ‘सुरक्षित राहावे म्हणून टायमिंग भरपूर मागे ठेवले आहे’ असे अभिमानाने सांगणारे मालक आपल्याच इंजिनाचे नुकसान करीत असतात.

मिश्रण पातळ असण्याचा परिणामही तोच. आजच्या पेट्रोलमध्ये बहुतेक ठिकाणी इथेनॉल मिसळलेले असते. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला जळण्यासाठी वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते, तर इथेनॉलला केवळ ९ भाग. त्यामुळे दहा टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलला सुमारे १४.१ भाग हवा पुरते, आणि जुन्या मापावर लावलेला कार्ब्युरेटर तीन-चार टक्क्यांनी पातळ मिश्रण देऊ लागतो. आपल्या गाडीवरील एसयू कार्ब्युरेटरच्या जेटखालचे षटकोनी नट एखाद-दोन कड खाली फिरवले की मिश्रण तेवढे दाट होते. प्लगच्या टोकाचा रंग पांढरट असेल तर हे आधी करावे, मग सीटची चर्चा करावी.

माझ्या मते, शिशाच्या नावाने जेवढी भीती बाळगली जाते तिच्या निम्मीसुद्धा इथेनॉलची बाळगली जात नाही, आणि प्रत्यक्षात बेताच्या वापराच्या जुन्या गाड्यांना अधिक त्रास त्याचाच होतो. ते जुने रबर फुगवते आणि मऊ करते, टाकीच्या आतील जुनी लाख किंवा सीलंट सोडवते आणि हवेतील ओलावा शोषून घेते. ओलावा प्रमाणाबाहेर वाढला की पाणी आणि इथेनॉल एकत्र होऊन पेट्रोलपासून वेगळे होतात आणि टाकीच्या तळाशी साचतात. गंज तिथूनच सुरू होतो. गाडी अनेक महिने उभी राहणार असेल तर टाकी आणि कार्ब्युरेटरची वाटी रिकामी करून ठेवणे मला अधिक योग्य वाटते. पेट्रोलच्या नळ्या फ्लोरोइलास्टोमर या कृत्रिम रबराचे अस्तर असलेल्याच घ्याव्यात. त्या बाहेरून साध्या नळीसारख्याच दिसतात, म्हणून नळीवर छापलेला एसएई जे३० आर९ हा दर्जा वाचूनच पैसे द्यावेत. गाडी बरीच वर्षे उभी होती असे आपण लिहिले आहे, त्यामुळे इंधन पंपाचा पडदा आणि कार्ब्युरेटरच्या जेटभोवतीच्या बुचाच्या सील वाळलेल्या असणार. इंजिनाच्या वर पेट्रोल ठिबकत असेल तर व्हॉल्व्ह सीटचा विचार पुढच्या वर्षी केला तरी चालेल.

मंदगती

तिघांचेही मनःपूर्वक आभार. इंजिन क्रमांकावरून माझे इंजिन ८.३ रेशोचे निघाले. नळ्या बदलण्याचे काम या आठवड्यातच करून घेतो. हेड आता उतरवायचे नाही असे मी ठरवले आहे. तरीही एका लांबच्या प्रवासाचा बेत आहे, त्यात बराच वेळ वेग राखावा लागेल. अशा वेळी पेट्रोलमध्ये मिसळायच्या औषधांचा खरोखर उपयोग होतो का? कथलाच्या गोळ्यांविषयी कोणीच लिहिले नाही. एका मित्राने विमानाचे पेट्रोल थोडे मिसळण्याचाही सल्ला दिला आहे.

रसायनी यांचे उत्तर

आपण विचारलेल्या तीन गोष्टींपैकी पहिली उपयोगाची आहे, दुसरी निरुपयोगी आणि तिसरी करू नये अशी.

शिशाऐवजी सीटवर संरक्षक थर देऊ शकणारी मूलद्रव्ये मुख्यतः चार आहेत : पोटॅशियम, सोडियम, फॉस्फरस आणि मँगनीज. १९९० च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटनमधील ऐतिहासिक वाहनांच्या क्लबांच्या महासंघाने ‘मायरा’ या वाहन संशोधन केंद्रात अशा मिश्रकांची चाचणी करवली होती, आणि आपल्या दृष्टीने आनंदाची गोष्ट म्हणजे त्यासाठी वापरलेले इंजिन ए-सिरीजचेच होते. जी मिश्रके झीज पुरेशी रोखू शकली त्यांनाच महासंघाने मान्यता दिली. त्यांत या चारही मूलद्रव्यांवर आधारलेली द्रव मिश्रके होती. ब्रिटनमध्ये शिशाच्या पेट्रोलची सर्वसाधारण विक्री १ जानेवारी २००० पासून बंद झाली, तेव्हा काही वर्षे पंपांवर पोटॅशियम मिसळलेले पर्यायी पेट्रोलही मिळत असे. मागणी घटल्यावर ते बंद पडले.

यातले कोणतेही मिश्रक घ्या, पण एकच धरून ठेवा. निरनिराळ्या मूलद्रव्यांची मिश्रके एकमेकांत मिसळू नयेत. सोडियमचे वापरत असताना मध्येच फॉस्फरसचे भरले तर दोघांचाही गुण जाण्याची आणि नको ते साठे तयार होण्याची शक्यता असते. बाटलीवर लिहिलेले प्रमाणच वापरावे. दुप्पट टाकल्याने संरक्षण दुप्पट होत नाही, प्लग आणि ज्वलनकक्षात साठा मात्र वाढतो. मँगनीजचे मिश्रक वापरले तर प्लगच्या टोकाला तांबूस छटा येते, त्यामुळे ठिणगी यांनी सांगितलेली रंगाची परीक्षा तेव्हा फसवी ठरते. आणखी एक मर्यादा अशी की शिशाचा थर जसा काही काळ टिकतो तसा यांचा टिकत नाही. मिश्रक बंद केले की संरक्षण लवकर संपते, म्हणून लांबच्या प्रवासात प्रत्येक टाकीबरोबर ते घालावे लागेल. रोजच्या बेताच्या वापरात मी स्वतः काहीही घालणार नाही.

कथलाच्या गोळ्यांमागे दुसऱ्या महायुद्धात रशियात पाठवलेल्या हरिकेन विमानांची एक रंजक गोष्ट सांगितली जाते आणि विक्रेते ती आवडीने छापतात. महासंघाच्या मान्यतेच्या यादीत मात्र अशा गोळ्या नव्हत्या, आणि त्याचे कारण समजणे अवघड नाही. सीटवर थर बसायचा तर संबंधित मूलद्रव्य पेट्रोलबरोबर पुरेशा प्रमाणात ज्वलनकक्षात पोहोचले पाहिजे. कथील पेट्रोलमध्ये इतके विरघळत नाही. गोळ्या वर्षानुवर्षे टाकीत तशाच राहतात आणि विक्रेते हाच त्यांचा गुण म्हणून सांगतात!

विमानाच्या पेट्रोलविषयी. पिस्टन इंजिनाच्या विमानांचे १०० एलएल हे पेट्रोल ‘कमी शिशाचे’ म्हणवले जाते, ते केवळ त्याच्या आधीच्या विमानी पेट्रोलच्या तुलनेत. त्यात लिटरला ०.५६ ग्रॅमपर्यंत शिसे असू शकते. ब्रिटनमध्ये १९८६ पासून रस्त्यावरच्या शिशाच्या पेट्रोलला मर्यादा होती ०.१५ ग्रॅमची, म्हणजे हे त्याच्या तिपटीहून अधिक झाले. रस्त्यावरील वाहनात ते भरणे अनेक देशांत बेकायदेशीर आहे. आणि ते बेकायदेशीर नसते तरीही मी सांगितले असते की नको, कारण एक्झॉस्टमधून निघणारे शिसे रस्त्याकडेच्या मातीत वर्षानुवर्षे राहते आणि लहान मुलांच्या मेंदूवर त्याचे दुष्परिणाम होतात हे आता निर्विवाद आहे. मोटारींसाठीचे शिशाचे पेट्रोल विकणारा अखेरचा देश अल्जीरिया होता आणि तिथेही ते २०२१ मध्ये बंद झाले. एका छंदासाठी ते आपल्या टाकीत परत आणण्याचे कारण नाही.

शिसे गेल्याने जुन्या इंजिनाचे काही भलेही झाले, ते सहसा कोणी सांगत नाही. ज्वलनकक्षात शिसे साचू नये म्हणून त्या पेट्रोलमध्ये ब्रोमीन आणि क्लोरीनची संयुगे घालावी लागत. त्यांपासून तयार होणारी आम्ले सायलेन्सर आतून खात आणि ऑइल लवकर खराब करीत. शिसेविरहित पेट्रोलवर प्लग अधिक काळ स्वच्छ राहतात आणि सायलेन्सरही जास्त टिकतो.

मंदगती

नळ्या बदलल्या. बुचाच्या सील खरोखरच वाळून तडकलेल्या होत्या, त्याही बदलल्या. रात्रभर थंड झालेल्या इंजिनाचे टॅपेट आज मोजले. रेडिएटरकडून मोजत गेल्यास बहुतेक सर्व ०.०१२ इंचाच्या आसपास आहेत, फक्त चौथा आणि पाचवा ०.०१० भरतात. हेच मधले दोन एक्झॉस्ट ना? सीट खचायला सुरुवात झाली आहे असे समजावे काय?

धातुवेध

होय, ए-सिरीजमध्ये पहिला, चौथा, पाचवा आणि आठवा हे एक्झॉस्ट. चौथा-पाचवा म्हणजे कातकाम यांनी सांगितलेले मधले. ते सर्वांत तापतात, त्यामुळे खचणे सुरू झालेच तर बहुधा तिथूनच होते. पण एका मोजणीवरून काहीच सिद्ध होत नाही. शेवटचे टॅपेट कोणी, कधी आणि किती काळजीपूर्वक लावले हे आपल्याला माहीत नाही; कदाचित ते ०.०१० वरच लावलेले असतील. आता सर्व ०.०१२ वर लावा. नऊच्या अंकाचा नियम आपल्याला माहीत असेलच : जो व्हॉल्व्ह पूर्ण उघडा आहे त्याचा क्रमांक नऊमधून वजा केला की जो लावायचा त्याचा क्रमांक मिळतो. आठवा उघडा असताना पहिला लावायचा, पाचवा उघडा असताना चौथा. मग लांबच्या प्रवासाला निघण्यापूर्वी आणि परत आल्यावर पुन्हा मोजा. त्या दोन आकड्यांतला फरकच खरे काय ते सांगेल.

कातकाम

मोजण्यापूर्वी रॉकरची टोके बोटाने चाचपून पाहा. इतक्या जुन्या इंजिनात व्हॉल्व्हच्या दांडीवर टेकणाऱ्या टोकाला सहसा खळगा पडलेला असतो. गॅप मोजायच्या फिलर गेजची सपाट पट्टी त्या खळग्यावरून आडवी जाते आणि आत उतरत नाही. त्यामुळे पट्टी ०.०१२ दाखवते तेव्हा प्रत्यक्ष गॅप त्याहून मोठा असतो, टॅपेट वाजत राहतात आणि मालक ते आणखी आवळत जातो. असा खळगा असेल तर एक्झॉस्टचा खरा गॅप कमी झाला आहे की नाही हे पट्टीने कळणार नाही. रॉकर शाफ्ट उतरवायला हेड काढावे लागत नसले, तरी त्याचे काही नट हेडचेच स्टड आवळून धरतात. म्हणून पाणी आधी काढून घ्यावे, हेडचे सर्व नट मॅन्युअलमध्ये दिलेल्या क्रमाने थोडे थोडे सैल करावेत आणि परत बसवताना त्याच क्रमाने टॉर्क रेंचने आवळावेत. रॉकर घासून सरळ करून घेतले की मग वहीतली पहिली नोंद करावी.